गुणतक्त्याबाहेरचे क्रिकेट

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता गावातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जावे. दोन्ही संघांतली निम्मीच माणसे आलेली असतात, स्टंप अजून पिशवीत असतात, आणि कुंपणाशी उभा असलेला एखादा फिरायला आलेला गृहस्थ हमखास विचारतो, "मॅच आहे की फ्रेंडली?" विचारणाऱ्याच्या लेखी या दोन निराळ्या गोष्टी असतात. मॅच म्हणजे प्रवेश फी, चषक, पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस. फ्रेंडली म्हणजे नुसतेच खेळणे. मराठीत आपण 'मैत्रीपूर्ण सामना' असा शब्द केला खरा, पण तो वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरून मैदानात कधी उतरलाच नाही.

मी स्वतः बरा खेळाडू कधीच नव्हतो. वाड्यातल्या क्रिकेटमध्ये लिंबूटिंबू, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे मित्रांच्या संघाची वही सांभाळणारा गुणलेखक, एवढीच माझी कारकीर्द. या वह्या काही वर्षांपूर्वी चाळत असताना एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येकाच्या धावा बिनचूक लिहिलेल्या होत्या. कोणता खेळाडू समोरच्या संघाकडून उसना घेतला, हे लिहिले होते. चहाचे पैसे कोणी दिले, हेही होते. सामना कोणी जिंकला, ते मात्र कितीतरी ठिकाणी लिहायचे राहून गेले होते. एरवी व्यवस्थित असलेल्या माझ्याकडून हेच का सुटावे, या प्रश्नाने मी फ्रेंडलीचा इतिहास शोधू लागलो. तो शोध साहजिकच इंग्लंडमध्ये जातो, कारण उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी हौसेने खेळायच्या क्रिकेटची रीत तिथेच घडली.

त्या रीतीची सर्वांत गमतीदार नोंद ज्या संघाने मागे ठेवली, तो संघ अतिशय वाईट खेळणारा होता. जे. एम. बॅरी हा स्कॉटलंडमधून आलेला लेखक १८८५ मध्ये लंडनला पोहोचला. 'पीटर पॅन'चा जनक म्हणून त्याला जगभर नाव मिळाले ते पुढे, १९०४ मध्ये. त्याआधी १८८७ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने मित्रांचा एक क्रिकेट संघ जमवला आणि सरे परगण्यातल्या शिअर या खेड्याच्या संघाशी सामना ठरवला. मित्रांमध्ये लेखक, पत्रकार, चित्रकार आणि प्रवासी होते. खेळाडू जवळजवळ नव्हतेच. या सामन्यात आपले कठीण आहे, हे कळून चुकल्यावर नावाचा विचार सुरू झाला. 'देवा, वाचव' अशा अर्थाचे काहीतरी हवे होते. आफ्रिका हिंडून आलेले मित्र संघात होते, त्यांच्याकडून 'अल्लाहु अकबर' हे शब्द मिळाले. त्यांचा अर्थ 'देवा, वाचव' असा होतो, अशी या मंडळींची समजूत झाली आणि त्याला बॅरीचे आडनाव जोडून 'अल्लाहकबॅरीज' हे नाव तयार झाले. त्या शब्दांचा खरा अर्थ 'ईश्वर महान आहे' हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. साम्राज्याच्या राजधानीत बसलेल्या विद्वानांना ते ठाऊक नव्हते, हीही त्या काळाची एक नोंदच.

हा संघ १८८७ पासून १९१३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, उन्हाळ्यात खेळत राहिला. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल त्यातून खेळला. 'थ्री मेन इन अ बोट'चा जेरोम के. जेरोम, कादंबरीकार ए. ई. डब्ल्यू. मेसन, निबंधकार ई. व्ही. ल्यूकस, व्यंगचित्रकार बर्नार्ड पार्ट्रिज हेही खेळले. 'विनी द पू' लिहिणारा ए. ए. मिल्न अगदी शेवटी आला. बॅरी कर्णधार. उंची जेमतेम सव्वापाच फूट आणि गोलंदाजी विलक्षण संथ. टाकलेला चेंडू आवडला नाही तर धावत जाऊन आपण तो परत आणू शकतो, अशी तो स्वतःचीच थट्टा करी. १८९० च्या दशकात त्याने या संघावर एक छोटी पुस्तिका खासगीरीत्या छापली आणि मित्रांत वाटली. तिच्यात प्रत्येक खेळाडूचे खोटे-खरे गुणवर्णन आहे आणि खेळाडूंना दिलेले उपदेश आहेत. सामन्याआधी समोरच्यांच्या देखत सराव करू नये, कारण तो पाहून त्यांना धीर येतो, अशा धाटणीचे.

इथवर वाचून हा सगळा विनोदाचाच कारखाना होता असे वाटेल. पण डॉइलचे उदाहरण घ्या. तो मेरिलबोन क्रिकेट क्लबकडून १९०० ते १९०७ या काळात दहा प्रथम श्रेणी सामने खेळला. त्या सामन्यांत त्याला एकच बळी मिळाला, पण तो डब्ल्यू. जी. ग्रेसचा. असा माणूस बॅरीच्या संघातून खेळताना हसण्यासाठी बाद होत नसे. तो मनापासून खेळे. एका बाजूला डॉइल आणि दुसऱ्या बाजूला बॅटची कोणती बाजू पुढे धरायची हे आगगाडीत शिकलेला मित्र, अशा दोघांना एकाच दुपारी खेळ वाटेल असा सामना उभा करायचा, ही फ्रेंडलीची खरी अडचण आहे. ती सोडवण्यासाठी या क्रिकेटने काही युक्त्या शोधल्या. त्या समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली युक्ती वेळेची. आज आपण पाहतो ते बहुतेक क्रिकेट षटकांनी मोजलेले असते. वीस इकडे, वीस तिकडे. जुनी फ्रेंडली घड्याळावर चाले. दुपारी सुरू करायची, संध्याकाळी ठरल्या वेळी स्टंप उपटायचे. मधल्या वेळात पहिल्या संघाने हवे तितके खेळावे. पण तोच खेळत बसला तर समोरच्यांना सर्वबाद करायला वेळ उरणार नाही आणि सामना अनिर्णित राहील. म्हणून कर्णधाराने योग्य क्षणी आपला डाव घोषित करायचा. ही मुभा क्रिकेटच्या नियमांत १८८९ मध्ये आली. म्हणजे शिअरच्या पहिल्या सामन्यात ती नव्हतीच. बॅरीच्या संघाला तिची गरज पडली असती, असेही नाही.

डाव घोषित करणे हा प्रतिस्पर्ध्याशी केलेला न बोललेला करार असतो. फार उशिरा केला तर समोरच्यांना जिंकण्याची आशा नाही. ते निमूटपणे चेंडू अडवत बसतील. फार लवकर केला तर आपण हरू. तेव्हा जिंकण्याचे आमिष समोरच्यांना दाखवणे भाग असते. आणि समोरचा संघ अगदीच दुबळा असला तरी त्याला एक काम उरते : शेवटच्या जोडीने तासभर तग धरायचा. अकराव्या क्रमांकाचा माणूस, ज्याला धावा काढता येत नाहीत, तो अशा वेळी संघाला वाचवू शकतो. षटकांच्या क्रिकेटमध्ये त्याला काहीच करता येत नाही. अनिर्णित निकाल ही दुबळ्याला दिलेली जागा आहे, हे मला वह्या लिहिताना कधी सुचले नव्हते.

दुसरी युक्ती कर्णधाराच्या दाक्षिण्याची. समोरचे भराभर बाद होऊ लागले तर चांगला गोलंदाज काढून कच्चा आणायचा. आपल्याकडे एक माणूस जास्त आणि त्यांच्याकडे कमी, तर तो त्यांना द्यायचा. पंच बाहेरचा नसतो. फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कोणीतरी कोट चढवून उभा राहतो आणि आपल्याच मित्राला पायचीत देतो किंवा देत नाही. एवढा विश्वास गृहीत धरलेला खेळ दुसरा कोणता असेल असे वाटत नाही.

तिसरी युक्ती चहाची. दोन डावांच्या मध्ये दोन्ही संघ एका टेबलाशी बसतात. घरचा संघ पाहुण्यांना खाऊ घालतो. इंग्लंडच्या क्लबांमध्ये ही सँडविचे आणि केक पिढ्यान्पिढ्या खेळाडूंच्या आया, बायका, बहिणी करत आल्या. गुणपत्रिकेवर त्यांचे नाव नसते.

बॅरीच्या संघाच्या गोष्टीत मात्र एका बाईंचे नाव ठळकपणे येते. वूस्टरशरमधले ब्रॉडवे हे त्या काळी चित्रकारांनी वसवलेले खेडे. मेरी अँडरसन ही रंगभूमी सोडून लग्नानंतर तिथे राहिलेली नामवंत अमेरिकन अभिनेत्री. बॅरीच्या लेखकांविरुद्ध ब्रॉडवेच्या चित्रकारांचा संघ उभा करण्यात तिचा पुढाकार असे. १८९९ मध्ये बॅरीने पुस्तिकेची नवी आवृत्ती काढली आणि ती अर्पण केली ती या प्रतिस्पर्धी बाईंना. संघाचे पुस्तक विरुद्ध संघाला अर्पण करणे, हे मी फ्रेंडलीचे सर्वांत चांगले वर्णन समजतो. पुढे १९५० मध्ये ही पुस्तिका पुन्हा छापली गेली तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली डॉन ब्रॅडमनने. कसोटीत ९९.९४ ची सरासरी असलेल्या माणसाला या संघाविषयी लिहावेसे वाटले, ते काही त्यांच्या धावांसाठी नव्हे.

हे सगळे कशाच्या आधारावर उभे होते? सद्भावना पुरत नाही, फुरसत लागते. १८५० च्या कारखाना कायद्याने इंग्लंडच्या कापड गिरण्यांत स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवायचे ठरले. ही अर्ध्या दिवसाची सुट्टी हळूहळू इतर धंद्यांत पसरली आणि शनिवारची दुपार खेळाची झाली. रविवार चर्चचा, त्या दिवशी खेळणे गैर मानत. बॅरीच्या मंडळींना कचेरी नव्हती, त्यांना शनिवारची वाट पाहण्याची गरज नव्हती. समोरच्या गावकऱ्यांना होती. त्या देशात जून-जुलैत रात्री नवाच्या सुमारापर्यंत उजेड असतो. आगगाडीने लंडनहून खेड्यात जाऊन त्याच दिवशी परतता येऊ लागले होते. स्वतःचे मैदान नसलेले भटके क्लब तर त्याआधीपासूनच होते : 'ई झिंगारी' हा त्यांतला जुना, १८४५ चा. त्या इटालियन नावाचा अर्थच भटके लोक असा. बॅरीचा संघ याच परंपरेतला.

पण आमंत्रणावर चालणाऱ्या खेळात प्रश्न उरतो तो आमंत्रण कोणाला मिळते हा. इथे फ्रेंडलीची बाजू लंगडी पडते, आणि ती लपवून लेख लिहिणे बरोबर होणार नाही.

इंग्लंडच्या मध्य आणि उत्तर भागातल्या गिरण्यांच्या गावांनी लवकरच वेगळी वाट धरली. बर्मिंगहॅम आणि परिसराची लीग १८८८ ची, लँकशरची १८९२ ची. सामन्याला गुण, हंगामाला तक्ता, तिकीट काढून येणारे प्रेक्षक आणि पगारावर आणलेला एखादा व्यावसायिक खेळाडू. दक्षिणेतल्या क्लबांना हे खालच्या अभिरुचीचे वाटे. लंडन परिसरातल्या क्लबांची जी संघटना १९१५ मध्ये स्थापन झाली, तिच्या नियमांत पुढे सभासद क्लबांनी लीग किंवा चषकाच्या स्पर्धेत उतरू नये अशी मनाईच होती. गुण आले की खेळातला सभ्यपणा जातो, ही त्यामागची धारणा. ही अडवणूक साठच्या दशकाअखेर मोडली. सरे चँपियनशिप ही लीग १९६८ मध्ये सुरू झाली.

सभ्यपणाची ही बाजू मला एकेकाळी पटली होती. मग मी लीगमध्ये कोण खेळले ते पाहिले. त्रिनिदादचा कृष्णवर्णीय लेअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ लँकशरच्या नेल्सन गावाकडून खेळला आणि त्या पगारावर त्याने इंग्लंडमध्ये संसार उभारला. आपले विनू मंकड हॅस्लिंग्डनकडून खेळले. १९५२ च्या लॉर्ड्स कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, तेव्हा ते त्या क्लबशी करारबद्ध होते आणि क्लबने सोडल्यामुळेच कसोटीला येऊ शकले. मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते रिश्टनकडून खेळले. गुणतक्त्याला बळी हवे होते. ते घेणारा कोणत्या घरातला, कोणत्या रंगाचा, हे त्याने फारसे विचारले नाही. दक्षिणेतल्या सभ्य क्लबांच्या सामन्यांच्या यादीत शिरायला आधी कोणाची तरी ओळख लागे.

आणि हा प्रश्न आपल्या घरी आणला की तो चहाच्या टेबलापर्यंत येतो. ब्रॉडवेत लेखक आणि चित्रकार एकत्र खेळत होते त्याच दशकात पुण्यात पळवणकर बाळू गोलंदाजी करत होते. चांभार कुटुंबात जन्मलेला हा तरुण युरोपियनांच्या क्लबात मैदानाच्या देखभालीचे काम करी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या सवर्ण हिंदूंनी त्याला आपल्या संघात घेतले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या आपल्या इतिहासात हे नोंदवले आहे. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

मी बॅरीची पुस्तिका आणि बाळूंचे ते मातीचे भांडे शेजारी ठेवून पुष्कळ दिवस विचार केला. दोन्हीकडे खेळ तोच, नियम तेच. फरक मधल्या अर्ध्या तासात आहे. फ्रेंडलीत निकालाला महत्त्व नसते असे आपण म्हणतो, तेव्हा सगळे वजन त्या अर्ध्या तासावर येते. तिथे जर पंगत वेगळी असेल तर त्या सामन्याला मैत्रीपूर्ण म्हणायला काही आधार राहत नाही. अशा वेळी गुणतक्ता बरा. तो निदान बळी मोजतो.

अल्लाहकबॅरीजचा शेवट १९१३ च्या उन्हाळ्यात झाला. त्या अखेरच्या सामन्यात मिल्न होता, आणि जॉर्ज लेवेलिन डेव्हिस हा तरुणही होता. ज्या भावंडांना गोष्टी सांगता सांगता बॅरीला पीटर पॅन सुचला, त्यांतला जॉर्ज हा थोरला. आईबाप गेल्यावर बॅरीनेच त्या मुलांचा सांभाळ केला होता. पुढच्या उन्हाळ्यात महायुद्ध सुरू झाले आणि मार्च १९१५ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर जॉर्ज मारला गेला, वयाच्या एकविसाव्या वर्षी. मिल्न सोमच्या लढाईत होता, तो परतला. बॅरी १९३७ पर्यंत जगला, पण हा संघ त्याने पुन्हा जमवला नाही. क्लबला स्वतःची इमारत नव्हती, मैदान नव्हते, चषकांचे कपाट नव्हते. माणसे होती तोवर संघ होता. लेखकांचा असा संघ लंडनमध्ये पुन्हा उभा राहायला २०१२ साल उजाडले.

आपल्याकडे स्पर्धेची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. मुंबईत पावसाळ्यात १९४८ पासून कांगा लीग आहे, कचेऱ्यांसाठी टाइम्स शील्ड आहे, आणि त्यांतून कसोटीपटू घडले. फ्रेंडली उरते ती मे महिन्याच्या सुट्टीत. तीही आता बदलते आहे. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या, जाळीने वेढलेल्या टर्फवर खेळायचे तर पुढची टोळी बाहेर उभी असते. तिथे अनिर्णित सामना परवडत नाही आणि चहाला थांबता येत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या लीग निघाल्या आहेत. त्यांत संघांना मालक असतात, रंगीत जर्सी असतात आणि खेळाडूंचा लिलाव होतो. आमच्याकडच्या लिलावात गेल्या वर्षी चौदा जण विकले गेले नाहीत. त्यांत मी होतो, पासष्टीचे एक निवृत्त शिक्षक होते, आणि नुकतीच लेदर बॉलने खेळायला शिकू लागलेली बारा वर्षांची एक मुलगी होती. सगळे काही नियमानुसार झाले. कोणाचा अपमान करायचा कोणाचाही हेतू नव्हता.

वाड्यात आमच्याकडे लिंबूटिंबू असे. त्याला बाद झाला तरी पुन्हा खेळायला मिळे, त्याच्या धावा मोजत नसत, पण संघ पाडताना त्याला वगळून खेळ सुरू होत नसे. मोठी मुले हे दयेने करत नव्हती. धाकट्या भावाला घेतल्याशिवाय आई सोडायची नाही, हा साधा नियम होता. बॅरीने मोठ्या माणसांसाठी हाच नियम चालवला, असे मला आता वाटते. फक्त त्याने स्वतःला पहिला लिंबूटिंबू ठरवले.

या मे महिन्यात त्या न विकल्या गेलेल्या चौदा जणांचे आम्ही दोन संघ केले. मैदान सकाळी साडेसहा ते दहा मोकळे होते, म्हणून घड्याळ लावले. षटके मोजली नाहीत. मुलीने शेवटच्या जोडीला उभे राहून पंचवीस मिनिटे खेळून काढली आणि सामना वाचवला. तिला पायचीत देण्याचा मोह पंचाला एकदा झाला होता, असे तो नंतर म्हणाला. पंच मीच होतो. वहीत सगळ्यांच्या धावा आहेत. चहा टपरीवरून आणला, सगळ्यांना एकाच किटलीतला. निकालाच्या रकान्यात या वेळी मी आठवणीने लिहिले : अनिर्णित.